आता नवीनच घ्या ना, काका!

‘आता नवीनच घ्या ना, काका!’ हे वाक्य मला आजवर छत्रीवाल्याने ऐकवलं, मिक्सरवाल्याने ऐकवलं आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांनीही ऐकवलं. (ते कवळीबद्दल बोलत होते.) मी सहन केलं. परंतु परवा एका टायवाल्या पोराने माझ्या लॅपटॉपकडे बोटानेही नव्हे, नुसत्या हनुवटीने निर्देश करून तेच वाक्य उच्चारलं, आणि माझा सात्त्विक संताप जागा झाला. तो अजून झोपलेला नाही.

लॅपटॉप २०१३ च्या पाडव्याला घेतलेला. म्हणजे वयाने काही फार नव्हे. आमच्या घरातली किसणी त्याच्या आजीच्या वयाची आहे आणि तिला अजून कोणी ‘आउटडेटेड’ म्हटलेलं नाही. लॅपटॉपची तक्रार एवढीच, की कळ दाबून चहा टाकावा तर चहा उकळून, गाळून, पिऊन व्हायचा तरी स्वारी डोळे चोळतच असायची. पोराने तो उघडूनसुद्धा पाहिला नाही.

“सर, एंड ऑफ लाइफ झालाय हा.”

डॉक्टर निदान नातेवाइकांना बाजूला घेऊन तरी सांगतात. याने पेशंटच्या तोंडावर सांगितलं.

“प्रोसेसर बदलता येईल का हो?” मी विचारलं. तो हसला. गावाकडच्या माणसाने विमानाच्या खिडकीतून हात बाहेर काढायची परवानगी मागावी, तशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. “लॅपटॉपचा प्रोसेसर बदलत नसतात, सर. फिक्स असतो.”

आता हे साफ खोटं होतं. माझ्या लॅपटॉपच्या बाबतीत तर शंभर टक्के खोटं. त्या काळच्या पुष्कळशा लॅपटॉपांत प्रोसेसर हा एका खुर्चीत बसवलेला असायचा. खुर्चीला सॉकेट म्हणतात. तिच्या एका कडेला एक चपट्या खाचेचा स्क्रू. तो अर्धा वळसा फिरवला की खुर्चीची पकड सुटते आणि प्रोसेसर चिमटीत धरून अलगद उचलता येतो. त्याला खाली ९८८ पाय असतात. गोमेने पाहिलं तर गोम पाय पोटाशी घेऊन बसेल. पण एक पाय वाकला की संपलं, म्हणून हात हलका लागतो. स्टोव्हची पिन मारलेल्या माणसाला तो असतो.

शेजारच्या इंजिनियरने मला दोन गोष्टी बजावल्या. एक, आधी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, उठायला वेळ लागतो तो तिच्यामुळे. दुसरी, नवा प्रोसेसर कोणताही चालणार नाही. तो त्याच सॉकेटचा हवा, लॅपटॉपच्या बायॉसला त्याची ओळख हवी (घरातल्या म्हाताऱ्याला न विचारता पाहुणा आणला तर दार उघडलं जात नाही, तसंच हे) आणि वॅट तेवढेच हवेत. माझा जुना आय-थ्री ३११०एम, ३५ वॅटचा. त्याच खुर्चीत बसणारा आय-सेव्हन ३६३२क्यूएम, तोही ३५ वॅटचाच. हे ३५ फार महत्त्वाचे, कारण उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी आणि पंखा जुनेच राहतात. हौसेने ४५ वॅटचा आणला असता तर लॅपटॉपवर पापड भाजून झाले असते.

गेलो लॅमिंग्टन रोडला. त्या रस्त्याला डॉ. भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण त्या नावाने विचारलं तर पानवाला तुम्हाला दवाखान्याचा पत्ता सांगतो. एका बोळातल्या चार बाय सहाच्या दुकानात मी नंबर लिहिलेली चिठ्ठी पुढे केली. दुकानदाराने ती वाचली आणि म्हणाला, “थर्ड जनरेशन है ना अंकल? मिलेगा.” तिसऱ्या पिढीचा एवढा आदर मी फक्त घराणेदार गायकांच्या बाबतीत पाहिला होता. भंगारात गेलेल्या कुठल्यातरी भावंडाच्या पोटातून काढलेला प्रोसेसर त्याने प्लॅस्टिकच्या डबीतून दिला. किंमत अडीच हजार. टायवाल्या पोराने दाखवलेला नवा लॅपटॉप होता पन्नास हजारांचा.

शस्त्रक्रिया रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर झाली. जुनी वाळलेली पेस्ट पुसायला मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं होतं. त्यातला फक्त शेवटचा शब्द हिने वाचला, त्यामुळे पहिली वीस मिनिटं वेगळ्याच विषयात गेली. मग सगळे स्क्रू वाट्यांत मांडले, पंखा उचलला, जुन्याला काढला, नव्याच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण खुर्चीच्या खुणेशी जुळवला आणि अर्धा वळसा परत फिरवला. पेस्ट लावली तांदळाच्या दाण्याएवढी. ही शेजारी उभी राहून दोन्ही डब्यांवरचे आकडे वाचत होती.

“अहो, जुना किती गिगाहर्ट्झचा होता?”

“२.४.”

“आणि हा?”

“२.२.”

“म्हणजे अडीच हजार देऊन तुम्ही कमी करून आणलंत?”

मी तिला समजावलं, की अगं, जुन्यात दोन आचारी होते, यात चार आहेत. एकेकाचा हात जरा सावकाश चालेना, पंगत लवकर उठते. शिवाय घाई झाली तर हे ३.२ पर्यंत धावतात. ती म्हणाली, “आमच्याकडे एकच आचारी आहे आणि पंगत रोज वेळेवर उठते.” मी पंखा बसवायला घेतला.

कळ दाबली. काळ्या पडद्यावर नव्या प्रोसेसरचं नाव उमटलं तेव्हा मला, खरं सांगतो, बारशाला गेल्यासारखं वाटलं. वाटीत एक स्क्रू उरला होता. तो नेहमी उरतो.

फरक पडला का? पडला. चटकन उठतो ती करामत एसएसडीची, श्रेय प्रोसेसरला मिळालं. घराघरांत असंच असतं. पण भाचीच्या लग्नाची चित्रफीत लहान करायला पूर्वी जेवण, वामकुक्षी आणि संध्याकाळचा चहा लागायचा, ते काम आता वामकुक्षीतच उरकतं. ही चार आचाऱ्यांची करणी.

आता माझा खरा राग ऐका. त्या पोराचं म्हणणं माझ्या लॅपटॉपपुरतं खोटं होतं, पण त्याच्या दुकानातल्या मालापुरतं खरं होतं. इंटेलच्या २०१३ मधल्या चौथ्या पिढीपर्यंत लॅपटॉपसाठी खुर्चीतले प्रोसेसर मिळत. २०१५ च्या सुमाराला पाचवी पिढी घरोघर आली ती खुर्चीशिवाय. प्रोसेसर थेट बोर्डावर सोल्डर. मराठीत झाळलेला. पुढे कित्येक लॅपटॉपांत मेमरीही झाळली गेली. म्हणजे आज आठ जीबी घेतलात तर मरेपर्यंत आठ जीबी. नवऱ्याच्या बाबतीत ठीक आहे. लॅपटॉपच्या बाबतीत हे कोणी ठरवलं?

आमच्या वडिलांचा रेडिओ बंद पडला की ते मागचा पुठ्ठा काढून काळवंडलेला व्हॉल्व्ह उपसत, खिशात घालून दुकानात नेत आणि नवा आणून त्याच भोकांत बसवत. वडील पोस्टात होते, शास्त्रज्ञ नव्हते. पण कंपनीने भोकं ठेवली होती. वस्तू विकल्यानंतर ती घेणाऱ्याची झाली, तो ती उघडणार, एवढं त्या कंपनीला मान्य होतं.

झाळण्याचं कारण विचारा, उत्तर तयार असतं, लॅपटॉप पातळ होतो. कबूल, होतो. सॉकेटची उंची वाचते, खर्चही थोडा वाचतो, पाय वाकायची भीती नाही. पण पातळ काय असावं याबद्दल आमची काही मतं आहेत. पोळी पातळ असावी. आळूची भाजी पातळ असावी. आमच्या आया नेसायच्या तेही पातळच. लॅपटॉप पातळ करा म्हणून मोर्चा घेऊन कोण गेलं होतं? दोन मिलिमीटर वाचवून त्या जागी काय ठेवायचं होतं लोकांना?

आणि खुर्ची शाबूत असली तरी सुटका नाही. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ च्या यादीत इंटेलची पंगत बसते ती साधारण आठव्या पिढीपासून. माझे चार आचारी तिथे दाराबाहेर. काम येतं का, हे कोणी विचारत नाही, जन्मसाल विचारतात. मी लिनक्स घातलं. मजेत चाललंय.

सरकारला हे कळत नाही असं नाही. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या दिवशी, दिल्लीच्या ग्राहक व्यवहार खात्याने ‘राइट टू रिपेअर’ नावाचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची, सुट्या भागांची माहिती तिथे द्यायची. उत्तम. पण माहितीने झाळ सुटत नाही. फ्रान्सात २०२१ पासून विक्रीच्या लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण लावावे लागतात, दहापैकी किती ते. आपल्याकडे गुण म्हटले की माणूस जागा होतो. बालवाडीपासून गुणपत्रिका दाखवत आलेल्या या देशात लॅपटॉप तेवढा विनापरीक्षा वर का चढवावा, हे मला कळत नाही.

माझा पराक्रम नातेवाइकांत पसरला. गेल्या आठवड्यात पुतण्या आला, चार वर्षांचा लॅपटॉप काखेत. घडी घातलेल्या वर्तमानपत्राएवढा पातळ. “काका, माझा पण जरा फास्ट करून द्या ना.” मी वाट्या मांडल्या, चष्मा बदलला, लॅपटॉप पालथा घातला. स्क्रू दिसेना. शेवटी रबरी पाय उपटले, त्यांच्याखाली दोन सापडले. झाकण निघालं. आत सगळं एका पाटावर झाळलेलं, प्रोसेसर आणि मेमरी शेजारी शेजारी. बदलण्यासारखा होता तो फक्त पंखा.

मी फुंकर मारून धूळ काढली आणि झाकण लावलं. पुतण्या म्हणाला, “मग आता काय करू?”

माझ्या जिभेवर एक वाक्य आलं होतं. मी ते गिळलं आणि हिला चहा टाकायला सांगितला.