धाकटी पाती

एरवी या सदरात आपण घरातल्या आणि शेजारपाजारच्या गोष्टी बोलतो. दिवाळी अंक म्हणजे सणाचे पान, तेव्हा आज जरा राजवाड्यात डोकावू. मात्र बिचकण्याचे कारण नाही. बोलायचे आहे ते घरोघरी असणाऱ्या माणसाविषयीच, म्हणजे धाकट्या मुलाविषयी.

गेल्या हिवाळ्यात लोणारचे सरोवर पाहायला निघालो होतो. बरोबर आमचे दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुले. जालन्याहून मेहकरच्या वाटेला लागले की बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजा लागते. लखुजी जाधवरावांच्या वाड्याचा भव्य दरवाजा रस्त्यावरूनच दिसतो. जिजाऊंचा जन्म इथला. १२ जानेवारीला त्यांच्या जन्मदिवशी इथे पाय ठेवायला जागा नसते. आम्ही गेलो त्या दिवशी मात्र शांतता होती. वहिनींनी मुलांना जिजाऊंची गोष्ट सांगितली. ती संपल्यावर धाकट्या पुतण्याने मला विचारले,

"काका, राजाचा मोठा मुलगा राजा होतो. मग धाकट्याचे काय करतात?"

"त्याला मोठ्याचे जुने कपडे देतात!" मोठ्या पुतण्याने परस्पर उत्तर दिले. सगळे हसले. धाकटा हसला नाही. खरे सांगायचे तर मीही हसलो नाही. कॉलेजात जाईपर्यंत दादाचे सदरे आखडून वापरलेला माणूस मी!

जुन्या काळचे उत्तर त्या परिसरातल्या पाट्यांवरच लिहिलेले आहे. देऊळगाव राजा, आडगाव राजा, किनगाव राजा, मेहुणा राजा. जाधवरावांच्या घराण्याच्या शाखा या भागात पसरल्या, त्याची आठवण गावांच्या नावांमागे 'राजा' होऊन राहिली आहे. धाकट्याला एखादे गाव द्यावे, हाती तलवार द्यावी आणि पुढचे त्याच्या मनगटावर सोडावे, अशी ती रीत. धोका मात्र थोरल्याधाकट्यांत वाटला जात नसे. १६२९ साली दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजींचा खून झाला, तेव्हा अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव हेही त्यांच्याबरोबर मारले गेले.

जिजाऊंच्या स्वतःच्या घरीही तीच रीत. थोरले संभाजीराजे वडिलांजवळ कर्नाटकात राहिले. धाकटे शिवाजीराजे आईबरोबर पुण्याच्या लहानशा जहागिरीवर आले. त्या धाकट्याने पुढे काय केले ते सांगायला नको. पण तो दाखला कोणत्याही धाकट्याला देऊ नये. एवढे ओझे लहान खांद्यांना पेलत नाही!

मला त्या वाड्यात आठवले ते महाराजांचे धाकटे चिरंजीव राजाराम. १६८० साली महाराज गेले तेव्हा राजाराम अवघा दहा वर्षांचा. गडावरच्या काही कारभाऱ्यांनी त्याला गादीवर बसवले, संभाजीमहाराजांनी तो बेत मोडून काढला. या सगळ्यात त्या पोराला कुणी काही विचारले असेल असे वाटत नाही. धाकट्या राजपुत्राचे पहिले दुःख हेच. त्याला स्वतःला काही नको असते, पण त्याच्या नावाने दुसऱ्यांना पुष्कळ काही हवे असते. पुढची नऊ वर्षे तो रायगडावर थोरल्याच्या नजरेखाली वाढला.

मग १६८९ साल उजाडले. फेब्रुवारीत संभाजीमहाराज संगमेश्वरास पकडले गेले, मार्चमध्ये औरंगजेबाने त्यांना हाल करून मारले. काल ज्याच्यावर पहारा होता तोच आज राज्याचा आधार झाला. रायगडाला मोगली वेढा पडू लागला. त्या वेळी येसूबाई जे वागल्या, त्याला आपल्या इतिहासात तोड नाही. स्वतःचा मुलगा शाहू अजून सात वर्षांचाही नव्हता. त्याच्या नावाने हट्ट धरण्याऐवजी त्यांनी दिराला गडाबाहेर पडायला सांगितले आणि स्वतः मुलासह मागे राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला. शाहू सुटला १७०७ साली, येसूबाई त्यानंतरही बारा वर्षांनी.

राजाराम वेश पालटून कर्नाटकातून जिंजीला पोचला. त्या किल्ल्याभोवती मोगलांचा वेढा जवळजवळ आठ वर्षे चालला. धाकट्याने तेवढ्या काळात राज्य मरू दिले नाही. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगलांना जेरीस आणले. त्यातले धनाजी सिंदखेडच्या जाधवांच्याच वंशातले. राजारामाने राज्य आपले न मानता पुतण्याचे मानले, असे सांगतात. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर त्याचा अंत झाला, तेव्हा त्याचे वय होते तीस. पुढच्या पिढीला मात्र हा समजूतदारपणा झेपला नाही. सातारा आणि कोल्हापूर अशा दोन गाद्या झाल्या आणि १७३१ साली वारणेच्या तहाने त्यांची वाटणी पक्की झाली.

हे सारे मुलांना सांगत आम्ही मेहकरच्या रस्त्याने निघालो, तोच मोटारीचे चाक बसले. दादांनी डिकी उघडून स्टेपनी काढली. तिच्यातही हवा नव्हती! वर्षानुवर्षे ती पडून होती, कुणी हात लावून पाहिला नव्हता. दोष आमचाच. पंक्चरवाला येईपर्यंत झाडाखाली बसून राहिलो आणि माझे मन सरळ इंग्लंडला जाऊन पोचले. तिथल्या राजाचे धाकटे चिरंजीव हॅरी यांनी २०२३ साली आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव 'स्पेअर'. म्हणजे आपली स्टेपनीच की!

जन्मले तेव्हा, १९८४ साली, हॅरी गादीच्या रांगेत तिसरे होते. थोरल्या भावाला तीन मुले झाली आणि हे पाचवे झाले. भावाच्या घरी पाळणा हलला की यांचे पाऊल मागे! सैन्यात होते तोवर, अफगाणिस्तानात दोनदा जाऊन आले तोवर, हातांना काम होते. ते संपले आणि उरले ते हात हलवणे. २०२० साली ते राजघराण्याच्या कामातून बाजूला झाले. स्वीडनचे कार्ल फिलिप यांची गोष्ट आणखी मजेची. १९७९ च्या मे महिन्यात ते युवराज म्हणून जन्मले आणि १ जानेवारी १९८० ला थोरल्या अपत्याला, मग ती मुलगी का असेना, वारसा देणारा कायदा लागू झाला. सात महिन्यांच्या बाळाचे युवराजपद बहिणीकडे गेले. न्याय योग्यच झाला. पण पाळण्यातल्या त्याला विचारतो कोण? डेन्मार्कच्या राणी मार्गारेट यांनी आपल्या धाकट्या मुलाच्या, योआकिम यांच्या, चारही मुलांच्या राजपुत्र-राजकन्या या पदव्या १ जानेवारी २०२३ पासून काढून घेतल्या. त्यांना मोकळे आयुष्य जगता यावे, हा हेतू. मुलगा दुखावला. आईने खेद व्यक्त केला, निर्णय बदलला नाही.

आणि तरीही ही स्टेपनी कधी लागेल ते सांगता येत नाही. १९३६ साली आठव्या एडवर्डने प्रेमासाठी गादी सोडली आणि धाकटा भाऊ आल्बर्ट सहावा जॉर्ज झाला. त्याला बोलताना अडखळायला होई, राजा होण्याची हौस नव्हती. पण तरुणपणी आरमारात राहून जटलंडची लढाई पाहिलेली, आणि राजा होण्याच्या दहा वर्षे आधीपासून लायोनेल लोग या शिक्षकाजवळ बसून वाचा सुधारण्याचा नेटाने अभ्यास चालवलेला. महायुद्धात त्याच अडखळत्या आवाजाने रेडिओवरून देशाला धीर दिला.

मला वाटते, फरक एवढाच आहे. धाकट्याला काय मिळाले यापेक्षा त्याला काय करायला दिले, हे महत्त्वाचे. गाव, पदवी, वाडा, जुना सदरा, यांतले काहीही चालते. पण ज्याच्यावाचून घराचे अडेल असे एक तरी काम त्याच्या हाती असावे लागते. नुसते थांबवून ठेवलेले माणूस आतून बसत जाते, आणि ते कळते गाडी अडल्यावर.

पंक्चरवाला आला. त्याने चाक जोडले, पैसे घेतले. दादा गाडीत बसणार इतक्यात धाकटा पुतण्या म्हणाला, "बाबा, आता दुसऱ्यातही हवा भरून घ्या ना!"

दादांनी मुकाट्याने डिकी पुन्हा उघडली. तेव्हापासून प्रवासाला निघण्याआधी स्टेपनी तपासणे हे काम त्या चिरंजिवांकडे आहे. या दिवाळीला वहिनींनी त्याला नवा सदरा शिवला, त्याचे त्याला विशेष काही वाटले नाही. मात्र भाऊबिजेला बाहेरगावी जायचे ठरले, तेव्हा तो हवेचा पंप घेऊन सकाळी सहालाच अंगणात उभा होता.