नाना नाही, नानी नाही

गिरगाव चौपाटीवर नाना-नानी पार्क आहे, ज्येष्ठ नागरिकांसाठी राखलेलं. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी मी आणि माझे एक स्नेही त्याच्या समोरून चाललो होतो. पाय दुखायला लागले म्हणून मी म्हटलं, "चला, आत टेकू या थोडं." तर म्हणाले, "नको हो. आत गेलं की मी नाना आणि तुम्ही नानी. त्यापेक्षा बाहेर बसू." मग वाळूत जाऊन बसलो, कॉलेजच्या पोरापोरींच्या शेजारी. उठताना मात्र दोघांनाही दोन्ही हात टेकावे लागले. खूप हसलो.

हसणं संपलं, पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. खरंच, साठी उलटलेल्या बाईला आणि माणसाला एकत्र बसायला आपण जागा केली, ती नातवंडांच्या नावाची! आजोबा आणि आजी म्हणून या, बसा. नुसते दोघंजण म्हणून आलात तर मात्र पाटीवर तुमच्यासाठी नाव नाही.

सांगायचं म्हणजे, मी त्रेसष्ट वर्षांची आहे. यजमान जाऊन सात वर्षं झाली. हे स्नेही लालबागचे, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठे, त्यांच्याही घरी तीच गत. महिन्यातून दोनदा आम्ही भेटतो. नियम एकच, दोघांपैकी निदान एकानं आधी न केलेली गोष्ट करायची. आयुष्य गिरगावात गेलं, पण भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय मी कधी आतून पाहिलं नव्हतं. मेट्रोसाठी आमचं गिरगाव कितीतरी वर्षं खणून ठेवलं होतं, तेव्हा शिव्या घातल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, तेव्हा उगाचच गिरगावहून बसून दादरला वर आलो आणि तसेच परत गेलो. धोबीतलावच्या कयानीत बन-मस्का खाल्ला. आमच्याकडे बाहेरचा चहा कुणाला चालत नसे, त्यामुळे इराण्याच्या हॉटेलात मी साठीनंतर पहिल्यांदा शिरले. लालबागला तिसऱ्या खाल्ल्या. आवडल्या नाहीत. पण आवडत नाहीत हे आता मला माहीत आहे, आधी ते फक्त घरातल्यांना माहीत होतं.

माझी मुलगी याला डेटिंग म्हणते. मला तो शब्द जरा मोठ्या मापाच्या ब्लाउजसारखा वाटतो, पण मराठीत दुसरा सापडत नाही हेही खरं. मैत्री म्हणावं तर माझ्या वयाच्या बाईनं 'माझा मित्र' म्हटलं की ऐकणारा बारीक हसतो. आणि नुसती मैत्रीच आहे असं म्हटलं तर तेही पूर्ण खरं नाही. ते येणार त्या दिवशी मी साडी दोनदा बदलते. हाक कशी मारायची हाही प्रश्नच होता. 'अहो' म्हणवत नाही, ते एकाचंच होतं. 'भाऊ' म्हणायला मी काही राखी बांधलेली नाही. शेवटी आडनावानं मारते, ऑफिसात मारायचो तशी.

पण लोकांची अडचण शब्दाची नाहीच. त्यांचा प्रश्न असतो, "पुढे काय?"

माझा मुलगा जुन्या वळणाचा नाही. "आई, लग्न कर, आमची काही हरकत नाही," असं तोच म्हणाला. सून तर उत्साहानं साड्याच बघायला लागली. मी म्हटलं, लग्न नाही करायचं. तर दोघांचे चेहरे पडले. म्हणजे गंमत बघा, आईनं या वयात लग्न केलेलं चालेल, पण लग्न न करता संग्रहालय बघायला गेलेलं चालत नाही! २०१९ साली 'अग्गंबाई सासूबाई' मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या अख्ख्या मजल्यानं आसावरीच्या लग्नासाठी डोळे पुसले होते. पण त्याच आसावरीनं अभिजित राजेंबरोबर महिन्यातून दोनदा नुसतं फिरून घरी परत यायचं ठरवलं असतं, तर मजला इतका हळवा झाला असता का? मला शंका आहे.

माझं मत असं, की म्हाताऱ्यांची गरज आपल्याला समजते, हौस समजत नाही. "आजारपणात पाणी द्यायला कुणीतरी हवं," म्हटलं की समाज लगेच मान डोलावतो. पुण्यात २०१२ साली माधव दामले यांनी ज्येष्ठ नागरिकांसाठी लिव्ह-इन रिलेशनशिप मंडळ काढलं, नागपुरातही तसं मंडळ निघालं. फार धीराचं काम आहे ते, आणि एकटेपणा पोखरतो म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. पण या सगळ्याचं समर्थन करताना आपण धरून बसतो तो आधार. मला आधार नको आहे. मला अजून गुडघे चालतात तोवर बघायच्या राहिलेल्या गोष्टी बघायच्या आहेत, आणि बघताना शेजारी कुणीतरी हवं, ज्याला मी कुणाची आई किंवा कुणाची वहिनी म्हणून माहीत नाही.

लग्न का नको, याची रोकडी कारणंही आहेत. ती बोलायला लोक लाजतात, म्हणून मीच बोलते. सरकारी नोकराच्या विधवेला मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन पुनर्विवाह केला की साधारणपणे थांबतं, अपत्य नसलेल्या विधवेला काही अटींवर चालू राहतं एवढंच. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल तर नव्या जोडीदाराचा वाटा मुलांच्या बरोबरीनं येतो. आणि गिरगाव-लालबागला तर पागडीची खोली! भाडेकरू गेला की त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क लागतो. चाळ पुनर्विकासाला गेलेली असते, आयुष्यभर दीडशे फुटांत काढल्यावर नियमाप्रमाणे निदान तीनशे चौरस फूट मिळायची स्वप्नं सगळं घर बघत असतं, आणि त्यात म्हातारीनं नवा माणूस आणायचा? मुलं घाबरतात, ती लोभी असतात म्हणून नव्हे. त्यापेक्षा त्यांची खोली त्यांच्याकडे, माझी माझ्याकडे, आणि रविवार दोघांचा. सर्वोच्च न्यायालयानं २०१० च्या एका निकालात म्हटलंच आहे, की नुसते शनिवार-रविवार एकत्र घालवले म्हणून ते लग्नासारखं नातं होत नाही. तो निकाल पोटगीसंबंधी होता, पण मला त्यातलं हे वाक्य सोयीचं वाटलं.

आता दुसरी बाजूही लिहायला हवी, नाहीतर ही नुसती फुशारकी होईल.

या स्नेह्यांच्या आधी दादरचे एक गृहस्थ होते. चार-पाच वेळा भेटलो, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसलो, शिवाजी मंदिरला नाटक पाहिलं. त्यांच्या मनात घर मांडायचं होतं. मला ते दुसऱ्याच भेटीत कळलं होतं. पण संध्याकाळी छान जात होत्या, म्हणून मी गप्प बसले. पाचव्या भेटीत त्यांनी बहिणीला भेटायला बोलावलं, तेव्हा मला तोंड उघडावं लागलं. ते काही बोलले नाहीत, फक्त टॅक्सी थांबवून मला बसवून दिलं. त्यात त्यांची चूक नव्हती, माझी होती. विशीत असं काही झालं तर माणूस रडतो आणि सावरतो. सत्तरीच्या माणसाला पुन्हा मन उघडायला किती बळ लागतं, ते मला माहीत असायला हवं होतं. तेव्हापासून मी पहिल्याच चहाला सांगते की लग्न नाही, एका घरात राहणं नाही, आणि कुणाचा डबाही करणार नाही. ऐकून दोघंजण परत आले नाहीत. बरं झालं.

बाईला याची किंमत जास्त पडते, हेही आहेच. त्यांच्या चाळीत म्हणतात, "काका अजून तरुण आहेत हं!" आमच्या गॅलरीत म्हणतात, "हिला या वयात काय सुचतंय!" याच गिरगावातून र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं आणि बाईलाही सुखाचा हक्क आहे हे छापून सांगितलं. खटले भरले गेले त्यांच्यावर, १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. शंभर वर्षं होत आली. कर्व्यांचं सगळं मला पटतं असं नाही, पण आमच्या गॅलरीला अजून त्यांची गरज आहे.

आणि एक गोष्ट, जिचं उत्तर माझ्याकडे नाही. या हिवाळ्यात स्नेह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी मोसंबी घेऊन इस्पितळात गेले. त्यांच्या सुनेनं, गुणी मुलगी आहे, मला खुर्ची दिली आणि शेजारच्या पेशंटच्या बायकोला ओळख करून द्यायला लागली, "या... बाबांच्या..." आणि थांबली. मग म्हणाली, "ओळखीच्या." मला लागलं. नाव नको म्हणून मीच तर हट्ट धरला होता, मग लागायचं काय कारण? पण लागलं. डोळ्याच्या ऐवजी उद्या हृदय असेल, तर दाराबाहेर कोण बसेल आणि आत कुणाला घेतील, हे मला त्या दिवशी स्वच्छ दिसलं. नातं नको म्हटलं की नात्याचे हक्कही सोडावे लागतात. घरी येताना बसमध्ये मी हिशेब मांडत होते, की हे मला परवडतं का.

परवडतं. आज तरी परवडतं. उद्याचं उद्या, आणि बदललं तर मीच आधी सांगेन.

पण मुलांनो, तुमची आई किंवा बाबा कपाटातला बरा शर्ट काढून "जरा जाऊन येते", "येतो" म्हणाले, तर "पुढे काय?" असं विचारू नका. "कुठे चाललात?" असं विचारा. परत आल्यावर "कसं होतं?" म्हणा. तेवढं पुरतं. अनोळखी माणसाला पैसे देऊ नका आणि पहिली भेट चारचौघांत ठेवा, हे मात्र जरूर सांगा, ते आम्हाला खरंच ठाऊक नसतं.

असो. रविवारी राणीच्या बागेत जायचं ठरलंय. २०१७ पासून तिथे पेंग्विन बघायला मिळतात आणि आम्ही दोघांनीही ते पाहिलेले नाहीत. नातवंडं बरोबर नाहीत म्हणून तिकीटवाला थोडा बघत राहील. बघू दे.