खुराड्यांतील फांदी : सोलून घालावी, ठोकूं नये

परळी वैजनाथच्या आसपासच्या खेड्यांतून व बालाघाटाकडील वाड्यांतून सायंकाळीं फिरतांना एक देखावा हटकून दृष्टीस पडतो. दिवस मावळूं लागला कीं अंगणांतील कोंबड्या लिंबाखालीं किंवा बोरीखालीं जमतात, माना वर करून अंदाज घेतात आणि एकामागून एक फडफडत फांदीवर जाऊन बसतात. शेजारीं खुराड्याचें दार उघडें असलें तरी तिकडे ढुंकूनही पाहत नाहींत. महसुलाच्या नोकरींत खेडोपाडीं मुक्काम करण्यांत आमचीं बरींच वर्षें गेलीं. त्यामुळें हा देखावा आमच्या पूर्ण परिचयाचा आहे.

लोक याला कोंबडीचा हट्ट म्हणतात. आमच्या मतें तो हट्ट नसून तिचा जातिस्वभाव आहे. घरच्या कोंबडीचा पूर्वज जो तांबडा रानकोंबडा, तो रात्रीं झाडावरच निजतो. कोंबडीच्या पायाची रचनाही त्यास अनुरूप आहे. ती खालीं बसली कीं पायाची शीर ताणली जाऊन बोटें आपोआप मिटतात व फांदी घट्ट धरली जाते. जमिनीवर निजणारी कोंबडी मात्र स्वतःच्याच विष्ठेंत व ओलींत रात्र काढते. रक्ती हगवणीसारख्या रोगांस हें आयतेंच निमंत्रण होय.

तथापि झाडावर तिला राहूं देणें शहाणपणाचें नाहीं. रानमांजर, घुबड व पाऊस यांपासून तिचें रक्षण खुराड्यांतच होतें. तेव्हां कोंबडीस झाडावर न सोडतां फांदीच खुराड्यांत आणावी, हा सरळ मार्ग. कांहींजण लोखंडी नळी घालतात. ती गुळगुळीत असल्यानें पाय सरकतो, आणि पत्र्याखालीं ती उन्हाळ्यांत तापते व थंडींत गार पडते. करवतलेल्या चौकोनी पट्टीची धार तळव्यास बोचते, घट्टा पडतो व पुढें तो पिकतो. यूरोपीय संघानें १९९९ सालीं अंड्यांवरील कोंबड्यांसाठीं केलेल्या नियमांतही दांडीस तीक्ष्ण कडा नसावी व दर कोंबडीस निदान १५ सेंटिमीटर जागा मिळावी, असें घातलें आहे. आमच्या शिवारांतील बाभळीची फांदी ही कडेची अट फुकटांत पुरी करते.

इतकें वाचून कोणी लागलीच कोयता घेऊन बाभळीकडे धांवूं नये. आम्हीं तशीच घाई केली होती. काटे छाटले, परंतु साल तशीच ठेविली आणि फांद्या मोठ्या खिळ्यांनीं भिंतीस पक्क्या ठोकल्या. काम मजबूत झालें म्हणून मनांत समाधानही मानलें. एक पावसाळा गेला आणि कोंबड्यांचे तुरे पांढुरके पडले, अंडीं कमी झालीं, बारांपैकीं पांच कोंबड्या दगावल्या. दिवसा पाहावें तों अंगावर कांहीं दिसेना. अखेर एका रात्रीं कंदील घेऊन गेलों, तों सालीच्या भेगांतून बाहेर पडलेले गोचीड कोंबड्यांच्या पायांस व पोटाखालीं लागलेले दिसले. हा गोचीड दिवसा भेगेंत दडतो, रात्रीं रक्त पितो, व कोंबड्यांत स्पायरोकीटोसिस नांवाचा प्राणघातक ताप पसरवितो. खुराडें कांहीं महिने रिकामें ठेविल्यानेंही तो मरत नाहीं. वर्षभर उपाशी राहण्याची शक्ति त्याच्या अंगीं आहे.

अनुभवांतीं आमचें मत येणेंप्रमाणें बनलें आहे. फांदी दीड ते दोन इंच जाडीची घ्यावी, म्हणजे बोटांची पकड बसते. साल पूर्ण काढून व गांठी घासून ती चार दिवस उन्हांत वाळवावी. खिळा मारूं नये. दोन मेढी रोवून त्यांच्या बेचक्यांत फांदी नुसती ठेवावी, म्हणजे ती हवी तेव्हां उचलतां येते. दर कोंबडीस आठ इंच, अर्थात् दहा कोंबड्यांस सुमारें सात फूट लांबी धरावी. सर्व फांद्या एकाच उंचीवर, जमिनीपासून दोन फुटांवर व एकमेकींपासून फूटभर अंतरावर असाव्या. उंचसखल ठेविल्यास वरच्या जागेसाठीं रोज भांडण होतें. खालीं पाण्याचें भांडें नसावें. पंधरवड्यास फांदी बाहेर काढून तिच्या टोंकांवर व बेचक्यांत उकळतें पाणी ओतावें. भेगा पडल्या कीं ती चुलींत घालून नवी आणावी. फांदीची खरी किंमत ती जाळतां येते यांतच आहे.

कोंबड्यांच्या खुराड्यावर इतकी शाई कां खर्चावी, असें ज्यांच्या दावणीस चार बैल आहेत त्या बागायतदारांस वाटेल. त्यांस आमची विनंती एवढीच कीं, अंड्यांचा पैसा कोणाच्या हातीं जातो तें घरांत विचारून पाहावें. तिखटमीठ, मुलांच्या वह्या, माहेरीं जाण्याचें भाडें हें पुष्कळ घरीं त्याच पैशांतून निघतें. या भागांतील अनेक कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीस परमुलखीं जातात व कोंबड्या घरच्या म्हाताऱ्यांवर सोंपवितात. परत येऊन बाईनें रिकामें खुराडें पाहावें व त्याचें कारण एक न सोललेली साल असावी, ही गोष्ट आम्हांस क्षुल्लक वाटत नाहीं. पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपल्या खुराड्यांत एकदां रात्रीं उजेड नेऊन पाहावें, इतकेंच सुचवून हा लेख पुरा करितों.