चिठ्ठी तीच, जिन्नस वेगळा

स्वयंपाकघरातल्या डब्यावर ‘साखर’ अशी चिठ्ठी आहे आणि रात्रीतून कुणी आत मीठ भरून ठेवलं, तर सकाळच्या चहाचा दोष कुणाचा? करणाऱ्याचा तर नक्कीच नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये असंच झालंय, आणि तेही दोनदा.

लॅपटॉपचा प्रोसेसर किती वेगानं पळवायचा, हे कर्नलमधले ‘गव्हर्नर’ ठरवतात. पूर्वी त्यातल्या ‘पॉवरसेव्ह’चा अर्थ सरळ होता: वेग कायम सगळ्यात कमी. कामाप्रमाणे वेग कमीजास्त हवा असेल तर ‘ऑनडिमांड’.

२०१३ साली कर्नल ३.९ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरसाठी ‘इंटेल पी-स्टेट’ हा नवा ड्रायव्हर आला. तो जिथे चालू झाला तिथे ‘ऑनडिमांड’ गायब. उरले दोनच, ‘परफॉर्मन्स’ आणि ‘पॉवरसेव्ह’. पण हा ‘पॉवरसेव्ह’ काम पडलं की वेग वाढवणारा, म्हणजे जवळजवळ जुना ‘ऑनडिमांड’च! बॅटरी पुरावी म्हणून ज्यानं तो निवडला, त्याला अपग्रेडनंतर प्रोसेसर मध्येच उधळलेला दिसणार.

पुढे २०२० मध्ये दुसऱ्या ते पाचव्या पिढीच्या इंटेल कोअर प्रोसेसरांवर हाच ड्रायव्हर आपणहून ‘पॅसिव्ह’ पद्धतीनं चालू लागला. तिथे गव्हर्नर पुन्हा जुनेच. म्हणजे ‘पॉवरसेव्ह’ पुन्हा सगळ्यात कमी वेगावर! सुरू होताना ‘पॉवरसेव्ह’ लावणारी स्क्रिप्ट ज्याच्याकडे होती, त्याचा लॅपटॉप अपग्रेडनंतर गोगलगाय.

बदल करणाऱ्यांची बाजूही खोटी नाही. काम झटकन उरकून प्रोसेसरला गाढ झोपू दिलं तर पुष्कळदा वीज वाचते. हळूहळू रेटत राहण्यानं वाचेलच असं नाही. माझी तक्रार बदलाबद्दल नाही, नावाबद्दल आहे. नव्या कर्नलनं जुने प्रोग्रॅम मोडू नयेत हा लिनक्सचा जुना दंडक. इथे मोडलं काहीच नाही. स्क्रिप्टनं ‘पॉवरसेव्ह’ लिहिलं, कर्नलनं ते निमूट घेतलं, कसलाही एरर नाही. मोडला तो फक्त अर्थ, आणि अर्थ मोडल्याची नोंद कुठल्याच लॉगमध्ये होत नाही.

‘डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की!’ असं कुणी म्हणेल. लिहिलंय खरं. पण ते वाचायला माणूस जातो तो मांडी भाजल्यावर. काम बदललं तर नाव बदला, एवढी साधी अपेक्षा आहे. नवं नाव दिलं असतं तर जुनी स्क्रिप्ट तिथेच अडखळली असती आणि वापरणाऱ्याला लगेच कळलं असतं.

मंडळी, याचा फटका बसतो तो जुना लॅपटॉप काटकसरीनं वापरणाऱ्याला. नवं मशीन घेणं त्याला परवडत नाही, म्हणून तर तो लिनक्सवर आलेला असतो. आणि एरर नसल्यामुळे ‘आता हे म्हातारं झालं’ म्हणून धडधाकट मशीन भंगारात जायची भीती.

तेव्हा अपग्रेडच्या आधी चालू ड्रायव्हर, गव्हर्नर आणि बॅटरी किती वेळ टिकते, हे टिपून ठेवा. नंतर पुन्हा बघा. आणि जुना कर्नल बूट मेनूतून इतक्यात काढू नका.