श्रमिकांच्या फुरसतीवर दरोडा

इंटरनेटच्या व्यसनाविषयी महाराष्ट्रात जी चर्चा चालते, ती बहुतेक वेळा उपदेशाच्या पातळीवरच राहते. मुले बिघडली, आईबापांचे लक्ष नाही, तरुणांना संयम उरला नाही, असे म्हणून सभा आटोपतात. आणि सभा संपताच व्याख्याते व श्रोते दोघेही खिशातला मोबाईल बाहेर काढतात. दारूच्या प्रश्नाकडे पाहण्याची हीच रीत एके काळी रूढ होती. पिणारा तेवढा दोषी, गुत्तेवाला मात्र प्रतिष्ठित व्यापारी! ग्रामीण स्त्रियांनी ही रीत मोडली. प्रश्न पिणाऱ्याच्या शीलाचा नसून विकणाऱ्याच्या परवान्याचा आहे हे त्यांनी ओळखले, आणि आडव्या बाटलीला मते देऊन अनेक गावांतली दुकाने बंद पाडली. इंटरनेटच्या बाबतीत मात्र गुत्ता कोणाचा, हा प्रश्न अद्याप कोणी नेटाने विचारलेला नाही.

‘व्यसन’ हा शब्द वापरताना वैद्यकशास्त्र सावध आहे, हे प्रथम नमूद केले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या नव्या वर्गीकरणात, म्हणजे १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या यादीत, संगणकीय खेळांच्या अनावर सवयीला विकृती म्हणून स्थान दिले. इंटरनेटच्या सरसकट वापराला तसे स्वतंत्र स्थान दिलेले नाही. परंतु बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेला २०१४ सालीच अशा रुग्णांसाठी वेगळे केंद्र उघडावे लागले. झोप उडालेली, शाळा सुटलेली, फोन काढून घेताच अंगावर धावून येणारी मुले घेऊन आईबाप दवाखान्याच्या दारात उभे असताना शब्दाचा कीस काढीत बसण्यात अर्थ नाही.

ही सवय आपोआप जडत नाही, ती जडवली जाते. कबुतराने चोच मारली की दर वेळी दाणा न देता केव्हा तरी, अवचित दिला, तर ते थकेपर्यंत चोच मारीत राहते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५० च्या दशकातील प्रयोगांत दाखवून दिले होते. जुगाराचे यंत्र याच तत्त्वावर चालते, आणि मोबाईलचा पडदा बोटाने खाली ओढून नवे काही आले का हे पाहण्याची क्रियाही त्याच तत्त्वावर बेतलेली आहे. पान कधीच संपू नये अशी रचना आझा रॅस्किन या तंत्रज्ञाने २००६ साली तयार केली आणि पुढे तिच्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी तर २०१७ साली स्पष्टच सांगितले की, माणसाच्या मनातील एका दुबळेपणाचा लाभ उठवणारी ही रचना होती, आणि ती करणाऱ्यांना हे ठाऊक होते. त्याच वर्षी नेटफ्लिक्सच्या प्रमुखांनी आपली स्पर्धा माणसांच्या झोपेशी आहे असे सांगितले. चोराने स्वतः दिलेला कबुलीजबाब समोर असताना खटला मात्र मुलांवर चालवला जातो आहे!

या व्यवहाराचे अर्थशास्त्र गुंतागुंतीचे नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांची मालक असलेली मेटा कंपनी २०२४ साली १६४ अब्ज डॉलरहून अधिक महसूल मिळवू शकली, आणि तो जवळजवळ सर्वच्या सर्व जाहिरातींचा होता. वापरणाऱ्याकडून पैसा घेतला जात नाही. त्याचा वेळ गोळा करून जाहिरातदाराला विकला जातो. म्हणजे या कारखान्याचा कच्चा माल म्हणजे माणसाची फुरसत होय.

फुरसत ही वस्तू श्रमिकांना कोणी दान दिलेली नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांनी सरकारी आयोगाला अर्ज दिला. आठवड्यातून एक दिवस सुटी आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, एवढ्या साध्या मागण्या त्यात होत्या. रविवारची सुटी मिळायला १८९० चा जून महिना उजाडला. आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्याने पक्की केली. हे वाचवलेले तास वाचन, भजन, तालीम, नाटक, संघटना आणि घरची माणसे यांच्यासाठी होते. मालकाने गिरणीत जे गमावले ते दुसऱ्या मालकाने आता घरात शिरून वसूल करावे, असा हा प्रकार आहे.

भारतात हा माल स्वस्तात पोहोचवण्याची तऱ्हाही गुत्त्याचीच होती. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने मोफत सेवा देऊन बाजारात पाऊल टाकले. लहान कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या, सवय अंगवळणी पडली आणि मग दरवाढीचे हप्ते सुरू झाले. जुलै २०२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी पाठोपाठ दर चढवले. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या बाबतीत तर शासनाचे वर्तन अबकारी खात्याला साजेसे होते. ऑक्टोबर २०२३ पासून त्यांच्यावर २८ टक्के कर बसवून तिजोरीने आपला वाटा घेतला. रमीच्या ॲपपायी कर्जबाजारी झालेल्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या येतच राहिल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने बंदीचा कायदा केला. उशिरा का होईना, तो केला हे योग्यच झाले. पण ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांच्या पैशातून जमा झालेल्या कराचे काय, हे कोणी विचारले नाही.

यात एक अडचण आहे, आणि ती टाळून चालणार नाही. फोन बाजूला ठेवा हे सांगणे सोपे. पण खाद्यपदार्थ पोहोचवणाऱ्या तरुणाची रोजीच त्या पडद्यावर येते. आशा सेविकेला माहिती त्यातच भरावी लागते, शिक्षकाला रात्री दहा वाजताही गटावरचा आदेश पाहावा लागतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा कर्ज काढून मुलाच्या हाती फोन देणाऱ्या आईबापांना तसे करायला शाळेनेच सांगितले होते. कामाच्या वेळेनंतर फोनला उत्तर न देण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७ पासून कायद्यात आहे. भारतात तशा आशयाचे खाजगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत मांडले, पण त्याचा कायदा झाला नाही. कामगार संघटनांनी हा विषय बोनसइतक्या जोराने लावून धरला असता तर निराळे घडले असते.

मुलांवरच्या बंदीने काय साधते, हे दक्षिण कोरियाने पाहिले आहे. सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा तेथे २०११ मध्ये आला. मुले आईबापांच्या नावाने खेळू लागली, खेळ संगणकावरून मोबाईलवर सरकले, आणि दहा वर्षांनी सरकारने तो मागे घेतला. उलट युरोपीय संघाने २०२४ साली यंत्राच्या मालकालाच हटकले. चित्रफिती पाहण्याबद्दल बक्षिसाचे गुण देणारी टिकटॉकची योजना व्यसन लावणारी ठरू शकते म्हणून चौकशी सुरू होताच कंपनीने काही महिन्यांत ती युरोपातून कायमची मागे घेतली. भारतातही २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. मात्र नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना आणखी दीड वर्षाची सवलत मिळाली. चित्रफीत आपोआप पुढे सरकणार नाही, पानाला शेवट असेल, रात्री सूचना वाजणार नाहीत, ही मूळ रचना असावी आणि ज्याला उलट हवे असेल त्याने ते मागून घ्यावे, एवढी सक्ती करायला कोणतेही नवे तंत्रज्ञान लागत नाही.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांच्या वडगावाने २०२२ साली शासनाची वाट न पाहता उपाय सुरू केला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद होतात. आरंभी टिंगल झाली, नंतर इतर गावांनीही हा प्रयोग उचलला. त्याचे मोल मोठे आहे, कारण एकट्या घराला जे जमत नाही ते सर्वांनी एकाच वेळी केल्यावर जमते. शेजारचा मुलगाही खेळत नसला की आपल्या मुलाचा हट्ट मावळतो. तथापि वडगावाला शाळा आहे, अंगण आहे, परस्परांची ओळख आहे. मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत, मैदान बिल्डरच्या घशात गेलेल्या वस्तीत, भोंगा वाजल्यावर मुलांनी जायचे कुठे? संध्याकाळी मैदानावर भरणाऱ्या सेवादलाच्या शाखा ठिकठिकाणी थंडावल्या, त्यांची जागा रिकामी राहिली नाही. १९६७ च्या कायद्याच्या आधाराने उभी राहिलेली सार्वजनिक ग्रंथालये तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेवकांच्या जिवावर कशीबशी चालू आहेत. येत्या महापालिका अंदाजपत्रकांत किती रक्कम मैदानांच्या कुंपणासाठी आणि किती मैदानांसाठी ठेवली जाते, ग्रंथालय सेवकांना वेतनश्रेणी मिळते की नाही, याचा जाब वस्तीतल्या आईबापांनी आपापल्या नगरसेवकाला विचारायला आजच सुरुवात करायला हवी.