तपकिरी बाटलीतील गोड वास

गतवर्षी श्रावणात विज्ञानाचे शिक्षक चार दिवस रजेवर गेले आणि नववीच्या वर्गास प्रयोगशाळेत बसविण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. आपण समास सोडवावेत, प्रयोगशाळेची कपाटे उघडू नयेत, एवढे शहाणपण आमच्याजवळ होते; परंतु कपाट आधीच उघडे होते. एका चौकस मुलाने मागच्या फळीवरील तपकिरी बाटली हाती घेतली, बूच काढून ती नाकाशी नेली आणि प्रसन्न मुद्रेने विचारले, "बाई, हे अत्तर आहे का हो?"

अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेल्या या नगरातील मुलाचा प्रश्न तसा स्वाभाविकच होता. आम्ही बाटली काढून घेतली व मुलास बाहेर मोकळ्या हवेत नेऊन बसविले. सुदैवाने त्यास काही झाले नाही. बाटलीवरील चिठ्ठीची शाई उडून 'क्लो' आणि 'र्म' एवढीच अक्षरे उरली होती. सन तर कोठेच नव्हते. तो क्लोरोफॉर्म होता. एके काळी जीवशास्त्राच्या तासाला बेडूक व कीटक निश्चेष्ट करण्यासाठी तो आणला जाई. बेडूक कापणे बंद झाले, बाटली मात्र राहिली.

आम्लाची बाटली दिसली की मुले हात आखडता घेतात. अमोनियाचा भपकारा आला की आपोआप तोंड फिरवितात. ही द्रव्ये आपला स्वभाव लपवीत नाहीत. क्लोरोफॉर्मचे तसे नाही. त्याचा वास गोड, रंग पाण्यासारखा, आणि थेंब हातावर पडला तर प्रथम गारवाच वाटतो. मग कातडीतील स्निग्धता निघून जाऊन ती कोरडी पडते, लाल होते, चुरचुरते. डोळ्यात गेला तर आग होते. वाफ हवेहून सुमारे चौपट जड असल्यामुळे बंद खोलीत ती खाली साचून राहते. अधिक वाफ पोटात गेली तर यकृत आणि मूत्रपिंडे यांस इजा होते. ही सर्व माहिती आम्ही त्या दिवसानंतर विज्ञानाच्या शिक्षकांपाशी बसून करून घेतली, हे येथे कबूल करतो.

बाटली तपकिरी का, हेही आम्हांस तेव्हाच कळले. आम्ही तो कारखानदारांचा शोक समजत होतो! प्रकाश आणि हवा यांच्या संयोगाने क्लोरोफॉर्मचे हळूहळू विघटन होते आणि फॉस्जीन नावाचा वायू निर्माण होतो. पहिल्या महायुद्धात सैनिकांवर सोडला गेला तोच हा वायू. त्याचे कपट असे की, हुंगल्यावर आरंभी फारसे काही जाणवत नाही. काही तासांनंतर फुप्फुसांत पाणी भरू लागते. हे विघटन रोखण्यासाठी उत्पादक क्लोरोफॉर्ममध्ये थोडे अल्कोहोल मिसळतात व तो गडद बाटलीत भरतात. परंतु अर्धी रिकामी, वर्षानुवर्षे उघडझाक झालेली, सन नसलेली बाटली म्हणजे आत काय झाले असेल याचा भरवसा नसलेली बाटली होय. आमच्या विद्यार्थ्याने नेमकी तीच नाकाशी नेली होती.

आता आमच्या नगरातील एक जुनी हकिकत सांगणे अगत्याचे आहे. १८४७ मध्ये एडिंबरो येथे डॉ. सिम्सन यांनी क्लोरोफॉर्मचा भूल देण्यासाठी उपयोग सुरू केला. पुरते तीन महिनेही लोटले नाहीत तोच, २८ जानेवारी १८४८ रोजी, हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची इंग्रज मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना भुलीतच दगावली. वय पाहा: आमच्या दहावीतील मुलींचे! तेव्हापासून वाद पेटला. एक पक्ष म्हणे, क्लोरोफॉर्म हृदयावर घाला घालतो. दुसरा म्हणे, प्रथम श्वास थांबतो, तेव्हा श्वासावर डोळा ठेवला म्हणजे भय नाही. या दुसऱ्या पक्षाचे कट्टर पुरस्कर्ते डॉ. एडवर्ड लॉरी हे हैदराबादेत रेसिडेन्सी सर्जन होते. त्यांच्या देखरेखीखाली हजारो रुग्णांना क्लोरोफॉर्म दिला गेला. येथील वैद्यकीय विद्यालयात त्यांनी मुलींनाही प्रवेश दिला. भूल देण्याच्या विद्येत पुढे नाव मिळविलेल्या रूपाबाई फर्दुनजी तेथेच शिकल्या.

लॉरींनी १८८८ मध्ये येथे पहिली क्लोरोफॉर्म समिती नेमून प्राण्यांवर प्रयोग केले आणि आपलेच मत सिद्ध झाल्याचे जाहीर केले. लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने शंका घेतली. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊन लॅन्सेटलाच आपला तज्ज्ञ पाठविण्याचे आवाहन केले. १८८९ मध्ये डॉ. लॉडर ब्रंटन येथे आले आणि दुसरी समिती बसली. कुत्री, माकडे, घोडे, बकऱ्या, मांजरे, ससे मिळून चारशेंहून अधिक प्राण्यांवर प्रयोग झाले. येताना ब्रंटन हे हृदयाला धोका मानणाऱ्यांपैकी होते. परंतु शेवटी त्यांनीही लॉरींच्याच बाजूने कौल दिला: श्वास आधी थांबतो, हृदय मागाहून.

एवढा पैसा, एवढी मेहनत, एवढे जीव, आणि निष्कर्ष अपुरा! १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखविले की, क्लोरोफॉर्मचा अंमल हलका असताना शरीरात अॅड्रिनलिन खेळू लागले, तर हृदयाची लय एकाएकी बिघडून ते थांबू शकते. भ्यालेल्या माणसाच्या अंगात अॅड्रिनलिन वाढते, हे आता शाळेतील मुलेही वाचतात. शस्त्रक्रियेच्या पलंगावर निर्भय कोण असतो? श्वासावर नजर ठेवणारा वैद्य त्या क्षणी चुकीच्या जागी पाहत असे. आम्ही लॉरींना दोष देत नाही. त्यांनी रुग्णांच्या हितासाठीच हा खटाटोप केला. परंतु एका खुणेवर सर्व भिस्त ठेवली, तेथे ते फसले.

आज क्लोरोफॉर्मने भूल देत नाहीत. चित्रपटांत मात्र तो अजून चालतो: खलनायक रुमाल नाकाशी धरतो आणि माणूस क्षणात कोसळतो. प्रत्यक्षात शुद्ध हरपण्यास काही मिनिटे लागतात, आणि बेशुद्धी व मृत्यू यांतील अंतर फारच थोडे असते. हा प्रयोग थट्टेखातर करू पाहणाऱ्या मुलांसाठी हे वाक्य दोनदा छापावे, असे आम्हांस वाटते.

हातमोज्यांविषयीही असाच भ्रम आहे. दवाखान्यातील पातळ रबरी मोज्यांतून क्लोरोफॉर्म थोड्याच वेळात आरपार जातो. मोजा ओला होताच काढून टाकून हात धुवावे लागतात. वापरलेला क्लोरोफॉर्म मोरीत ओतू नये. तो पाण्याहून जड असल्याने तळाशी बसतो आणि जमिनीत मुरला तर भूजल नासवितो. टाकाऊ द्रव्यांच्या बाटलीत त्याच्यासोबत अॅसिटोन व अल्क एकत्र आले, तर स्फोट होण्याइतकी उष्णता निर्माण होऊ शकते. डोळ्यात थेंब उडाल्यास पंधरा मिनिटे तरी वाहत्या पाण्याने डोळा धुवावा आणि डॉक्टर गाठावा.

आमचे काही सहकारी म्हणतात, "कपाटाला कुलूप घाला, किल्ली कार्यालयात ठेवा, विषय संपला." कुलूप हवेच. शाळेत क्लोरोफॉर्मची गरजही उरलेली नाही. कीटकसंग्रहासाठी कीटक बर्फाच्या कप्प्यात ठेवले तरी काम भागते. परंतु कुलुपाने विषय संपतो, हे आम्हांस मान्य नाही. या नगराभोवती जीडीमेटला, पटनचेरू येथे औषधांचे कारखाने आहेत. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे वडील तेथे नोकरी करतात, उद्या मुलेही करतील. तेथील पिंपांना आमचे कुलूप असणार नाही. तेथे त्यांच्याजवळ असेल ती फक्त चिठ्ठी वाचण्याची सवय, आणि चिठ्ठी नसेल तर "हे काय आहे?" असे वरिष्ठांस विचारण्याचे धैर्य. ही सवय आणि हे धैर्य शाळेने लावावयाचे नाही तर कोणी?

ती बाटली विज्ञानशिक्षकांनी बूच घट्ट करून वेगळी ठेवली आणि रासायनिक कचरा रीतसर नेणाऱ्यांच्या स्वाधीन केली. कपाटात पुसट अक्षरांच्या आणखी सात बाटल्या निघाल्या आहेत. त्यांची यादी नववीच्या मुलांनी, बाटल्यांस हात न लावता, काचेबाहेरून केली. त्या यादीत त्या अत्तरवाल्या मुलाचे अक्षर सर्वांत सुवाच्य आहे.