उपदेशाने व्यायाम घडत नाही

नवे शैक्षणिक वर्ष सुरू झाले, की महाविद्यालयांतून आरोग्याचे माहात्म्य वर्णन करणारी व्याख्याने होतात, परिपत्रके निघतात, जिमखान्यात चार दिवस गर्दी उसळते, आणि दिवाळीच्या आत ती ओसरली, म्हणजे ‘हल्लीची पोरे आळशी’ असा निकाल देऊन वडीलधारी मंडळी मोकळी होतात. हा निकाल पुराव्यावाचून दिलेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुरावा पाहू जाता तो निराळेच सांगतो. मिल्न, ऑर्बेल आणि शीरन या संशोधकांनी ब्रिटनमधील पदवीच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात व्यायामाभावी हृदयविकार कसा बळावतो याचे विवेचन ज्यांना वाचावयास दिले, त्यांच्यापैकी दहांतील चारजणही पुढील आठवड्यात व्यायामास उभे राहिले नाहीत, आणि ज्यांना असे काहीच वाचावयास दिले नव्हते त्यांची गतही जवळजवळ तीच झाली. परंतु तेच विवेचन वाचून शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोठे व्यायाम करणार हे ज्यांनी कागदावर लिहून दिले, त्यांच्यापैकी दहांतील नऊजणांनी तो केला. अर्थात उणीव ज्ञानाची नव्हती. संकल्पाला वेळेचा व स्थळाचा आधार नव्हता, एवढेच.

आपल्या जुन्या तालमीत हा आधार आयताच होता. पहाटेची ठरलेली वेळ, लाल माती, वस्तादांचा धाक आणि शेजारी जोर काढणारा सोबती असा सगळा बंदोबस्त असल्यामुळे ‘आज मन आहे की नाही’ हा प्रश्न कोणी स्वतःस विचारीतच नसे. (मुलींना मात्र तेथे बहुधा मज्जाव असे, हेही त्या गौरवगाथेत नमूद केलेले बरे.) याउलट आज घर सोडून वसतिगृहात आलेल्या मुलाचा दिनक्रम एकाएकी मोडतो, आणि गावी शेतात राबणारा, सायकलने शाळा गाठणारा तोच मुलगा पुण्याच्या अभ्यासिकेत सकाळपासून रात्रीपर्यंत खुर्चीला खिळतो.

त्यातच लज्जेची भर पडते. आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार ‘हे मला जमेल’ हा विश्वास मुख्यतः स्वतःच्या अनुभवाला आलेल्या यशातून वाढतो. पण व्यायामशाळेच्या आरशात शेजारच्या पीळदार दंडांपुढे आपली किरकोळ अंगकाठी पाहणाऱ्या नवख्याच्या वाट्याला पहिल्याच दिवशी येतो तो पराभव. मुलींना याखेरीज भोवतालच्या नजरा सोसाव्या लागतात, आणि वसतिगृहाचे फाटक बंद होण्याची वेळ सांभाळावी लागते ती वेगळीच.

गुणांचे आमिष दाखवावे, तर त्याचाही अनुभव आहे. पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारी मुले पहाटे मैदाने गाजवितात, आणि भरतीचा निकाल लागला, की त्यांतील पुष्कळांचे धावणे थांबते. एडवर्ड डेसी यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कोडी सोडविण्याबद्दल पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांची त्या कोड्यांतली गोडी पैसे थांबताच कमी झाल्याचे दिसले होते. म्हणून नव्या शैक्षणिक धोरणात क्रीडा व योग यांना श्रेयांक मिळू लागले, ही गोष्ट स्वागतार्ह असली, तरी हजेरीपटावरील सहीपुरते सूर्यनमस्कार घालणारा विद्यार्थी पदवीनंतर ते घालीत राहील, अशी खात्री मला वाटत नाही.

तेव्हा विद्यापीठांनी व्याख्यात्यांचे मानधन वाचवावे. खेळ कोणता हे विद्यार्थ्यास निवडू द्यावे, वसतिगृहातील एकेका मजल्यावरच्या चौघापाचांची टोळी करून तिची वेळ तिलाच ठरवू द्यावी, नवख्यांसाठी आणि मुलींसाठी स्वतंत्र तास राखावेत, आणि परीक्षेच्या महिन्यात, जेव्हा मनावरील ताण सर्वाधिक असतो नेमके तेव्हा, जिमखान्याला कुलूप घालण्याची चाल जेथे असेल तेथे ती बंद करावी. यास खर्च पडेल तो एका पहारेकऱ्याच्या वेतनाचा आणि दिव्यांच्या बिलाचा. तेवढी तरतूद कोणत्याही कुलसचिवांच्या दप्तरात निघू शकते.